राजाचं कार्ड

राजा आमच्या घरी आला तो लसींच्या पेटीत बसून. बाबा पांढरकवड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. बैलाला पाडून धरणं, गाईच्या सडांना मलम लावणं, बकऱ्यांना टोचताना त्यांचे कान पकडून ठेवणं ही त्यांची कामं. लसींच्या थर्मोकोलच्या पेट्या निकामी झाल्या की ते घरी आणायचे आणि माय त्यांत भाकरी ठेवायची. दुपारपर्यंत भाकरी मऊ राहायची. त्या दिवशीही तिनं पेटी पाहून ओले हात पदराला पुसले, झाकण उघडलं, आणि “अव माय!” म्हणून दोन पावलं मागं सरली. आत राखाडी केसांचा एक गोळा होता. गोळ्याला दोन पिवळे डोळे होते, कानांच्या टोकांवर उभ्या केसांचे झुबके होते, आणि मागचा एक पाय बांबूच्या पट्ट्या लावून पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला होता.

“मांजर हाये,” बाबा म्हणाले.

“हे मांजर? मले तं बिबट्याचं पिल्लू वाटते. जंगलखात्याचे लोक येतीन दारात.”

“तीनच महिन्याचं हाये अजून.”

तीन महिन्यांचं ते पिल्लू आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बोक्याच्या अंगाबरोबर होतं. घडलं होतं ते असं. नागपूरकडून हैदराबादेला निघालेली एक बाई हायवेवरच्या ढाब्यावर चहाला थांबली होती. गाडीचं दार उघडताच पिल्लू उडी मारून पळालं आणि उभ्या ट्रकच्या चाकापाशी कशात तरी त्याचा पाय अडकून मोडला. ढाबेवाल्यानं दवाखाना दाखवला. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर होते, म्हणून बाबांनीच पाय बसवला. पाय हलला तर कायमचा वाकडा राहील, गाडीत इतक्या लांब नेऊ नका, असं त्यांनी बाईला सांगितलं. बाई रडली. मग वहीचं पान फाडून बाकावर बसून तिनं त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, पान बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “भैया, ये बड़ी जात का है. वापसी में ले जाऊंगी. तब तक संभालना.” त्या जातीचं नावही तिनं सांगितलं होतं, पण ते इंग्रजी होतं आणि घरी येईपर्यंत बाबांच्या तोंडातून निसटून गेलं.

“मोठ्या जातीचं,” माय म्हणाली. “मांजरायतही असते का जात? बाबासाहेबायनं आपल्याले एकीतून काढलं, तुम्ही दुसरी घेऊन आले घरी.” बाबा इतके हसले की पेटीतलं पिल्लू दचकून खाली बसलं. हसता हसताच माय आत गेली आणि त्याच्यासाठी बशी घेऊन आली.

आमचं घर दोन खोल्यांचं, टिनाच्या छपराचं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. ट्रक चढावर गिअर बदलायचे तो आवाज आमच्या जेवणात, अभ्यासात, भांडणात मिसळलेला असे. पाहुणे आले की त्यांना झोप येत नसे, आम्हाला मात्र ट्रक थांबले तर जाग यायची. पलीकडे कापसातली सरकी काढणारं जिनिंग होतं. माझ्या लहानपणी कापसाच्या दिवसांत त्याची घरघर आठ-आठ तास चालायची आणि हवेत कापसाचे तंतू उडत राहायचे, वरणावरसुद्धा येऊन बसायचे. मी सांगते आहे त्या वर्षांत ती घरघर कमी होत गेली. बोंडं अळीनं पोखरलेली, कापूस काळपट, आणि ज्यांच्याकडे चांगला पिकला त्यांनी तो भाव येईल म्हणून घरातच भरून ठेवलेला. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी कापूस छपरापर्यंत लागला होता आणि त्यांची सगळी माणसं ओसरीत झोपायची. तिच्या अंगावर सदा खाज उठलेली असे. बाबा सांगायचे की दवाखान्यात आता बैल कमी येतात, कारण बैलच कमी झालेत. ते एवढंच सांगायचे आणि जेवायला बसायचे.

माय अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवणं, लेकरांना घरोघरून आणणं, त्यांची नाकं पुसणं, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांची वजनं घेणं. छताच्या वाशाला एक लटकता काटा बांधलेला होता. त्याला कापडाची झोळी लावायची, झोळीत लेकरू बसवायचं, ते हातपाय झाडायचं थांबलं की आकडा वाचायचा. शोभाबाई, म्हणजे अंगणवाडीच्या सेविका, तो आकडा कार्डावर टिंब काढून मांडायच्या. प्रत्येक लेकराचं वेगळं कार्ड, कार्डावर तिरक्या रेषा, सगळ्यात वरच्या रेषेच्या वर टिंब पडलं तर लेकरू चांगलं, आणि जसजसं टिंब खाली येईल तशी पहिली, दुसरी, तिसरी, चौथी श्रेणी. मी तेव्हा सहावीत होते. अक्षर चांगलं म्हणून कार्डांवरची नावं शोभाबाई माझ्याकडून लिहून घ्यायच्या आणि मला स्वतः सरकारी माणूस झाल्यासारखं वाटायचं.

बाईचं ते पान माझ्या बाबांनी भाताच्या शितानं भिंतीला चिकटवलं. हिंदीत होतं, सोपं होतं. सहा महिन्यांचा होईपर्यंत दिवसातून चार वेळा, वर्षाचा होईपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा. एका वेळी एक मूठ, लेकराची नाही, मोठ्या माणसाची. मांस उकडून, हाडं काढून, मीठ-कांदा-लसूण नको. कलेजी आठवड्यातून दोनदाच. दूध नको, पोट बिघडतं. पाणी कायम भरलेलं. दर महिन्याला वजन. “यह तीन-चार साल तक बढ़ता है, जल्दी मत करना.” आणि शेवटी, खाली रेघ मारून: “पसलियाँ हाथ को लगें, आँख को न दिखें.” म्हणजे बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत.

“चार वेळा,” मायनं पान वाचून म्हटलं. ती सातवी शिकलेली होती. “आपण किती वेळा जेवतो, सांगा बरं?”

“चहा धरला तं चार,” बाबा म्हणाले.

मांसाची सोय रहीमचाचांनी केली. बाजारात त्यांचं कोंबडीचं दुकान होतं आणि त्यांच्या बकऱ्यांचं दुखणंखुपणं बाबाच पाहायचे. माना, पाय, कातडीखालचा उरलासुरला भाग, दोन दिवसांनी एखादी कलेजी असं एका पिशवीत ते बाजूला ठेवायचे. शाळेतून येताना ती पिशवी आणायची, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकडायचं, हाडं वेचायची आणि बारीक करायचं हे काम माझं. आमच्या ताटात त्या वेळी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, आणि रविवारी कधी रस्सा. राजाच्या बशीत रोज मांस. नाव मीच ठेवलं होतं. पट्टी सुटली तेव्हा तो तीन पायांवर दौडायचा, चौथा नुसता जमिनीला टेकवून पाहायचा, आणि थंडी सुरू होईपर्यंत चारही पायांवर आमच्या छपरावरून शेजारच्या छपरावर जाऊ लागला. टिनावर त्याच्या उडीचा आवाज व्हायचा तो नारळ पडल्यासारखा.

ती बाई परत आली नाही. का आली नाही ते मला आजही माहीत नाही. बाबा बरेच महिने ढाबेवाल्याला विचारत राहिले. तिचा पत्ता आमच्याकडे नव्हता, आमचा तिच्याकडे नव्हता. राजा पुढं अकरा वर्षं आमच्याकडे राहिला, आठ किलोंचा झाला, आणि माझ्या लग्नात मांडवाच्या मधोमध झोपला होता म्हणून वऱ्हाडी त्याला वळसा घालून जेवायला जात होते. पण ते पुढचं. या प्रकरणात तो आठ महिन्यांचा आहे.

बाईनं लिहिलं होतं, दर महिन्याला वजन करा. मला काटा माहीत होता. रविवारी अंगणवाडी झाडायला माय मला किल्ली देऊन पाठवायची, तेव्हा मी राजाला पिशवीतून न्यायची आणि झोळीत बसवायची. लेकरांसारखा तो झाडायचा नाही. झोळीत पाय दुमडून, आजूबाजूला बघत, एखाद्या पाहुण्यासारखा बसायचा. वजन झालं, मग ते लिहायला नको? कोरी कार्डं कपाटात होती. एक घेतलं. लेकराचं नाव: राजा. आईचं नाव: शीला. वडिलांचं नाव: प्रल्हाद. जन्मतारखेच्या जागी मी अंदाजानं महिना टाकला, पत्ता आमचा घातला, आणि टिंबं मांडू लागले. कार्ड घरी नेलं तर माय ओरडेल म्हणून बाकीच्या कार्डांच्या गठ्ठ्यातच, सगळ्यात खाली ठेवलं.

टिंबं पाहून मी काटा पुन्हा एकदा वाचला. आठ महिने, पाच किलो. टिंब तिसऱ्या श्रेणीत. ते कार्ड माणसाच्या लेकरांचं आहे हे मला कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. कळत होतं. पण श्रेणी या शब्दाची मी धास्ती घेतली होती. तिसऱ्या श्रेणीतल्या लेकराच्या आईशी शोभाबाई कशा आवाजात बोलतात ते मी ऐकलं होतं. शिवाय बाईनं तो मोठ्या जातीचा म्हणून सांगितलं होतं, म्हणजे त्याला जास्त लागत असणार, आणि मीच त्याला उपाशी ठेवते आहे. पुढं नोकरीत मी नर्स म्हणून शेकडो लेकरांची वजनं घेतली. घाबरलेली आई आकडा पाहून चुकीचा हिशेब कसा करते ते मला कोणाकडून शिकावं लागलं नाही.

मी त्याला जास्त घालू लागले. एक मूठ होती तिथं दोन, तीन वेळा होतं तिथं पाच. मांस पुरेना. आणि तेव्हाच ते अंडं माझ्या हातात आलं.

गावातल्या एक डॉक्टरबाई आठवड्यातून दोन दिवस स्वतःच्या मनानं अंगणवाडीत थोडी अंडी पाठवायच्या, अगदी रोड लेकरांसाठी. त्यातलं एक चिमीचं. चिमी दोन वर्षांची होती, वजन सात किलो, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. तिची आई तुळसा सूर्य उगवायच्या आत कापूस वेचायला टेम्पोतून जायची, कधी केळापूरकडे, कधी त्याहून लांब, आणि दिवस मावळता परत यायची. वेचणीचे दिवस थोडे राहिले होते, मिळेल त्या वावरात जावं लागे. घरी चिमीजवळ तिचा म्हातारा आजा असायचा. तो दारात बसून दोर वळायचा. त्याला ऐकू कमी यायचं, आणि चिमी आवाजच करत नसे. ती भिंतीला टेकून बसलेली असायची. माशी तोंडावर बसली तरी हात उचलत नसे. तिला अंगणवाडीपर्यंत आणणं आजाला जमत नव्हतं, म्हणून माय अंडं उकडून माझ्या हाती द्यायची आणि सांगायची, “चारून येजो. समोर बसून.”

पहिल्या दिवशी मी समोर बसले. अंड्याचा तुकडा तोंडात घातला की तो तसाच ओठावरून बाहेर यायचा. पुन्हा घातला, पुन्हा बाहेर. तिनं मान भिंतीकडे वळवली. मी कंटाळले, आणि उरलेलं अंडं घरी आणून राजाला दिलं. त्यानं ते दोन घासांत संपवलं आणि माझ्या गुडघ्याला डोकं घासलं. पुढच्या वेळी मी चिमीसमोर थोडाच वेळ बसले. त्याच्या पुढच्या वेळी गेलेच नाही. नाहीतरी ती खात नाही, मग वाया कशाला घालवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. मायला सांगितलं, “खाल्लं.”

अशात राजाला हगवण लागली. मग उलट्या. बाबांनी त्याचं पोट चाचपलं, मोडका पाय हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “वजन एकदम वाढवलं तं या पायावर येईन. कायले एवढं कोंबून राह्यली त्याच्यात?”

त्याच आठवड्यात अंगणवाडीत तपासणी झाली. सुपरवायझर मॅडम आल्या होत्या, कडक इस्त्रीची साडी, पायांत बूट. आम्ही त्यांना घाबरायचो, शोभाबाई तर फारच. शाळेला सुट्टी होती म्हणून मी लेकरांना पाणी द्यायला तिथं होते. मॅडमनी कार्डांचा गठ्ठा मागितला, एकेक कार्ड उलटत गेल्या, आणि शेवटच्या कार्डावर थांबल्या.

“हा राजा कोण? रजिस्टरमध्ये याचं नाव नाही.”

शोभाबाई वाकून पाहू लागल्या.

“आठ महिने, पाच किलो. तिसरी श्रेणी!” मॅडमचा आवाज चढला. “आणि पत्ता... शीलाबाई, हे तर तुमचं मूल आहे. तुम्ही अंगणवाडीत काम करता, लोकांच्या आयांना सल्ले देता, आणि स्वतःचं मूल या अवस्थेत ठेवता? नोंदसुद्धा केली नाही? कुठं आहे तो? आत्ताच्या आत्ता घेऊन या. त्याला आजच दवाखान्यात पाठवावं लागेल.”

मायचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती खिचडीचा डाव हातात धरून उभी होती आणि तिला काहीच उमजत नव्हतं. “मॅडम, मले एकच पोरगी हाये,” ती म्हणाली. “हे वंदी. बाकी कोनी नाई मले.”

“मग हे कार्ड खोटं आहे? खोटी नोंद म्हणजे काय होतं ठाऊक आहे ना? तुमची नोकरी जाईल, शोभाबाईंचीही जाईल.”

“तो मांजर हाये,” मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले, “राजा मांजर हाये. मोठ्या जातीचा. मीच लिवलं ते.”

मग मॅडमनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्या लेकरांच्या बुटक्या बाकड्यावर बसल्या, डोळे पुसू लागल्या, आणि ते पाहून शोभाबाई हसल्या, कशाला हसतात ते न कळून लेकरंही हसू लागली. माय तेवढी हसत नव्हती. मॅडमनी मला जवळ बोलावलं. “आणि तुझ्या या कुपोषित राजाला खायला काय घालतेस गं?”

त्या हसत होत्या म्हणून मीही धीट झाले. माना, पाय, कलेजी, सगळं सांगत गेले, किती वेळा, किती मूठ, आणि बोलण्याच्या भरात म्हणाले, “अन् अंडं.”

“अंडं कुठून आणतेस?” मॅडमनी सहज विचारलं.

मी मायकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मी तोंड उघडायच्या आधीच कळलं होतं. डाव तिनं पातेल्यात हळूच ठेवला. “चिमीचं,” ती म्हणाली, माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघून. “चिमीचं अंडं दिलं माह्या पोरीनं मांजराले. मीच तिच्या हाती पाठवत होती. चूक माही हाये.”

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी गठ्ठ्यातून चिमीचं कार्ड काढलं, दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग राजाचं कार्ड माझ्या हातात दिलं. “हे फाडून टाक. मी हे लिहीत नाही.” उठताना त्या मायला म्हणाल्या, “शीलाबाई, पुढच्या महिन्यात मी येईन. या मुलीचं टिंब मला वर दिसलं पाहिजे. खाली नाही, तिथंच नाही, वर.”

घरी मायनं मला मारलं नाही. मला मार हवा होता, मारानं ते संपलं असतं. बाबा आले, त्यांना तिनं थोडक्यात सांगितलं, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली आणि ते अंगणात जाऊन बसले. शेजारच्या कमलाबाईंनी तपासणीची बातमी ऐकली असावी. भिंतीपलीकडून मुद्दाम मोठ्यानं त्या कोणाला तरी सांगत होत्या, “लोकायच्या लेकरायले दाना नाई, अन् यायच्या मांजराले कलेजी, अंडे!” माय भाकर थापत होती. हात थांबला, पुन्हा चालू झाला. जेवणं झाल्यावर तिनं भिंतीवरचं ते पान सांभाळून सोडवलं आणि माझ्यासमोर धरलं.

“हे वाचून तू मांजराले वाढवलं नं?”

मी मान हलवली.

“वाच.”

मी वाचलं. शेवटची ओळ पसल्यांची होती. चिमीच्या पसल्या मी तिच्या फ्रॉकमधून मोजू शकत होते.

“उद्यापासून चिमीले तू चारशीन. चार वेळा. शाळेच्या आधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, अन् दिवस बुडायच्या आत. मी सांगन तेवढंच, सांगन तसंच. अन् मले खोटं नाई सांगाचं.”

तिनं मला शिकवलं. अख्खी वाटी समोर ठेवायची नाही, ती पाहूनच लेकराचं मन उडतं. चमच्यानं नाही, बोटानं. आधी आपण एक घास खायचा, तिच्यादेखत, चवीनं. तोंड फिरवलं तर मागे लागायचं नाही, थांबायचं. वरणात भाकर कुस्करून त्यात तेलाचे चार थेंब. केळ. दाण्याचा कूट आणि गूळ. “तिच्या पोटाले मागनंच राह्यलं नाई,” माय म्हणाली. “इसरलं ते. आपल्याले आठवून द्या लागते.”

पहिले चार दिवस काही आठवलं नाही. मी जायची, आजोबांना हातानं खूण करायची, चिमीसमोर मांडी घालायची, आणि अर्धी वाटी मीच खाऊन परत यायची. मधल्या सुट्टीत पळत जाऊन पळत यायचं, शाळेत उशीर झाला की वर्गाबाहेर उभं राहायचं. मायला खरं सांगायचं: दोन घास. एक घास. काही नाही. ती फक्त “बरं” म्हणायची. पाचव्या दिवशी मला रडू आलं. शाळा सुटल्यावर एका हातात चिमीची वाटी होती, आणि दुसऱ्या हातात राजाची बशी, कारण त्याचीही वेळ तीच होती आणि तो माझ्या मागे मागे आला होता. मी त्याची बशी जमिनीवर ठेवली. त्या दिवशी त्यात कलेजी होती, उकडून बारीक केलेली. राजा खाऊ लागला. चिमीनं भिंतीकडची मान वळवली. एवढं मोठं जनावर तिनं इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तिनं हात पुढं केला, मला वाटलं ती त्याला धरणार. तिनं बशीतून कलेजीचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

मी घाबरून तिचा हात धरायला गेले, आणि थांबले. ती चावत होती. राजा एक पाऊल मागं सरला, बसला, आणि पंजा चाटू लागला. तिनं दुसरा तुकडा घेतला.

मी घरी धावत गेले. “माय, मांजराच्या बशीतलं खाल्लं तिनं!” बाबा चुलीपाशी होते. ते म्हणाले, “कलेजी चांगलीच असते, रक्त धरते. फक्त आधी तिले देजो, मंग त्याले. अन् बशी वेगळी कर, बाप्पा.” मायनं मांडणीतली छोटी ताटली घासली आणि माझ्या हातात दिली. तेव्हापासून आठवड्यातले कलेजीचे दोन दिवस चिमीचे झाले. राजाचं काही बिघडलं नाही, त्याला बाईनं लिहिलेलं तेवढं मिळत होतं आणि तेवढंच त्याला लागत होतं. मोड आलेल्या मटकीसारखं, दिसता न दिसता, चिमीचं खाणं वाढत गेलं. चार घास, सात घास. मग अंडं अख्खं. मग एक दिवस तिनं तोंडावरची माशी हाकलली. मी ते मायला सांगितलं तेव्हा तिनं मला दोनदा विचारलं, “खरंच? हातानं?”

मॅडम पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा चिमीचं टिंब वर गेलं होतं. त्यांनी बोट ठेवून पाहिलं, मान डोलावली आणि पुढचं कार्ड घेतलं. पण मला आठवते ती त्याआधीची संध्याकाळ. दिवस बुडायचा होता. शेवटची वाटी चारून झाली होती, वाटी रिकामी होती, मी ती घेऊन उठले. चिमीनं माझ्या फ्रॉकचं टोक धरलं.

“आखीन,” ती म्हणाली. तिला आणखी हवं होतं.

मी पुन्हा बसले. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, जाडसर, मोठ्या माणसासारखा. वाटी तिरपी करून दाखवली, संपलं. “आखीन!” घरी भाकर होती, वरण होतं, पण मायनं सांगितलं होतं, एका वेळी तेवढंच, लगेच दुसरं नाही, पोट धरणार नाही. मी म्हणाले, थोड्या वेळानं देते. ते चिमीला पटलं नाही. तिनं वाटी हातातून ओढली, आपटली आणि रडायला लागली. सूर लावून, पाय झाडून, सगळी गल्ली ऐकेल असं. आजोबांनाही ऐकू आलं. दोर वळता वळता ते थांबले आणि वळून बघत राहिले.

तेवढ्यात टेम्पो आला. तुळसा उतरली आणि गल्लीच्या तोंडाशीच तिला तो आवाज लागला. तिच्या घरातून असा आवाज येत नसे. ती पळत आली, डोक्यावरचं गाठोडं दारात टाकलं, केसांत कापसाचे तंतू, हात बोंडांनी ओरखडलेले. “काय झालं? पडली काय? काय केलं तू तिले?” तिनं चिमीला उचललं, डोकं चाचपलं, हातपाय वळवून पाहिले.

“काही नाई झालं,” मी म्हणाले. “भूक लागली तिले.”

रडत्या पोरीला तसंच कडेवर घेऊन तुळसा दारातच खाली बसली, म्हाताऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, “बाबा, भूक लागली म्हंते आपल्या चिमीले. भूक लागली!”